सोनल, वय सोळा, नेरूळ

११ जानेवारी, शनिवार

पालकसभा म्हणून शाळेत बोलावलं आणि दीड तास नुसतं घाबरवलं! सायबर सुरक्षेवर बोलायला कोणी कोटवाले साहेब आले होते. मागे पडद्यावर काळी टोपी ओढलेला माणूस — त्याला तोंडच नाही. “तुमची मुलगी आत्ता घरात आहे असं वाटतं तुम्हाला? नाही! ती एका अनोळखी माणसासोबत आहे.” माझ्या शेजारची बाई डोळे पुसायला लागली. मग आकडे. इतक्या मुली फसल्या, तितक्या पळाल्या. कुठून आणले हे आकडे, विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. माझीही नाही.

शेवटी म्हणाले, “आयांनो, मुलीची मैत्रीण व्हा. आणि रोज तिचा फोन तपासा.” दोन्ही एका वेळी कसं करायचं ते काही सांगितलं नाही.

घरी येऊन कुंदनला सांगितलं. (तोंडावर ‘अहो’, पण इथे कोण ऐकतंय — नवऱ्याला कुंदनच लिहिणार.) सांगायला नको होतं. घास हातातच राहिला त्याचा. “फोन आण तिचा,” म्हणाला.

१२ जानेवारी

भाविकाचा फोन टेबलावर आणि भोवती आम्ही — कुंदन, मी, सासूबाई आणि धाकटा दीर हरेश. त्याला अशा वेळी बोलवावं लागत नाही, तो येतोच. भाविका पंधरा वर्षांची, नववीत. पासवर्ड तिलाच सांगायला लावला.

आणि निघालं काय? पक्षी! खाडीवरचे पक्षी काढते ती. आधी पेन्सिल, मग रंग. इन्स्टावर ‘खाडीकाठची’ नावाने टाकते. आणि एक मालतीबाई. देवरुखच्या, चित्रकलेच्या रिटायर्ड शिक्षिका. कधी भेट नाही, सहा महिन्यांच्या गप्पा. मी सगळ्या वाचल्या. “रोहित पक्षी उडताना पंखाची कड काळी दिसते गं, पुन्हा बघ.” “मान काढताना घाई केलीस.” सहा महिने नुसत्या माना आणि पंख!

कुंदन म्हणाला, “फोटो कुठाय हिचा? फूल लावलंय. खरी बाई असेल तर तोंड का लपवेल?”

“बाप्या असणार,” हरेश म्हणाला. “हंड्रेड पर्सेंट.”

भाविका माझ्याकडे वळली. “मम्मी, तू वाचलंस ना? तू तरी सांग ना.”

मी म्हटलं, “पप्पा सांगतात ते तुझ्या भल्यासाठीच.”

मालतीबाईंना ब्लॉक केलं. तिच्याच बोटाने करायला लावलं.

१३ जानेवारी

नियम झाले. फोन संध्याकाळी एक तास. हॉलमध्येच, सासूबाईंच्या समोर बसून. खाडीवर एकटीने जायचं नाही. कुंदन पाण्याचे जार घेऊन दिवसभर एमआयडीसीत कंपन्यांच्या दारी फिरतो, म्हणजे राखण आमच्यावर.

सासूबाई म्हणतात, “आमच्या टायमाला आमी पोरी खाडीन जायचो, चिखलान उतरायचो, चिंबोऱ्या आनायचो. कोन इचारीत व्हता?” मग स्वतःच पुढे — “पन आता जमाना वंगाल हाय.”

 भाविका जेवते, अभ्यास करते, झोपते.

१९ जानेवारी, रविवार

आज एक भलतंच काम केलं. लिहू का नको? लिहिते.

माझ्या फोनवर इन्स्टाचं नवीन खातं उघडलं. नाव सोनल. वय सोळा. राहणार नेरूळ. फोटो मांजराच्या पिल्लाचा. पाच मिनिटांत सोळा वर्षांची झाले! एक्केचाळीस वर्षांची बाई, ओट्याजवळ उभी राहून, कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्ये.

हेतू एवढाच — कोणीही उठून बोलायला आलं तर भाविका बोलते का, ते बघायचं. एकदा बघायचं आणि बंद करायचं.

२१ जानेवारी

रिक्वेस्ट पेंडिंग.

२३ जानेवारी

अजून पेंडिंग. मला राग कसला येतोय? खूश व्हायला पाहिजे!

२५ जानेवारी

तिने आधी माझीच झडती घेतली! “तू कोण? मला कसं शोधलंस? तुझी चित्रं दाखव.” चित्रं कुठून आणू! खरकट्या हाताने वहीच्या कागदावर एक चिमणी काढली, फोटो काढून पाठवला. चिमणी कसली, बटाट्याला चोच. तिने लिहिलं, “पहिल्यांदा काढतेयस का? ठीक आहे. पण मी फोटो, नंबर, पत्ता कोणाला देत नाही. भेटत पण नाही. चालेल?”

चालेल म्हटलं.

पोरगी शहाणी आहे! कोटवाल्या साहेबांच्या दीड तासापेक्षा जास्त अक्कल आहे तिला. परीक्षा झाली, पास झाली. उद्या खातं बंद.

२६ जानेवारी

नाही केलं बंद.

१ फेब्रुवारी

रोज सात ते आठ. ती हॉलमध्ये सासूबाईंच्या समोर, मी स्वयंपाकघरात. मध्ये एक भिंत. ती लिहिते, माझा फोन ओट्यावर थरथरतो. मी पदराला हात पुसते आणि सोनल होते.

काय काय सांगते! वर्गात तिला ‘बगळा’ म्हणतात. दहावीनंतर तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय, घरी अजून बोलली नाही. गणिताच्या पेपराआधी पोटात गोळा येतो. मला — म्हणजे तिच्या आईला — यातलं काही माहीत नव्हतं. मी रोज विचारते, “डबा संपवलास का?” ती म्हणते, “हो.” आमचं बोलणं संपलं!

सोनल बनून मी विचारलं, “तू आईला का नाही सांगत?”

 भिंतीपलीकडे टीव्हीवर सासूबाईंची मालिका. मग उत्तर आलं — “मम्मी वाईट नाही. ती घाबरते. पप्पांना, आजीला, हरेशकाकाला, सगळ्यांना. तिला विचारलं तुला काय आवडतं, तर म्हणते, सगळ्यांना आवडतं तेच.”

भाजी करपली आज. सासूबाई ओरडल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

कुंदनला सांगावं असं मनात आलं. जेवण झाल्यावर शेजारी जाऊन बसले. तो मोबाइलवर कसलासा व्हिडिओ बघत होता — अनोळखी माणसाने मुलीला कसं पळवलं, मागे ढँढँढँ संगीत. “बघ, बघ जरा,” मला म्हणाला. बघितला. उठून आले.

काय सांगणार होते? की तो अनोळखी माणूस तुमच्या शेजारी बसलाय?

१३ फेब्रुवारी

आज चुकले. भाविकाने ढोकरीचं (छोट्या बगळ्याचं) चित्र टाकलं होतं. मी उत्साहात लिहून गेले, “तुमच्या गावदेवीमागच्या टाकीवर बसते तीच ना ही?” पाठवल्यावर लक्षात आलं. सोनलला टाकी कशी माहीत? सोनल नेरूळची!

भाविकाने विचारलंच नाही. “हो, तीच,” एवढंच लिहिलं.

वाचले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वाचले कसली!

हरेश आला होता, भाविकाच्या फोनमध्ये कसलं तरी ‘सेफ्टीचं ॲप’ टाकायला. “टेन्शन नका घेऊ वहिनी, आता ती कुठे जाते, काय करते, सगळं आपल्याला दिसणार.” पाच मिनिटांत त्याचा आवाज चढला. “दादा! इकडे ये! ही सोनल कोण?”

मी कोलंबी सोलत होते. तशीच दारात उभी राहिले, हात ओले.

“मैत्रीण आहे,” भाविका म्हणाली.

“भेटलीस कधी?”

“नाही.”

“आवाज ऐकलास?”

“नाही.”

“फोटो?”

“मांजर.”

कुंदनने कपाळावर हात मारला. हरेश मात्र पुढे वाचत होता — अगदी बोट लावून, एकेक ओळ. टाकीच्या ओळीवर थांबला. “दादा, हा बाप्या लांबचा नाही. याला आपली टाकी माहीत आहे. गावातलाच आहे कोणीतरी.”

मी आत वळले. कोलंबीच्या हातानेच फोन उचलला. सोनलचं खातं पुसून टाकलं. दोनदा विचारलं फोनने — नक्की? नक्की? हो म्हटलं.

बाहेरून हरेश ओरडला, “बघ! गायब झाला! आपण पकडलं ते कळलं त्याला. म्हणजे तो आत्ता, या क्षणी आपल्यावर नजर ठेवून आहे!”

कुंदनने खिडक्या लावून घेतल्या. भर दुपारी. मी कोलंबी सोलत राहिले.

२३ फेब्रुवारी

शाळा बंद. कुंदनचा निर्णय. “दहावी घरी बसून देईल. सतरा नंबरचा फॉर्म भरू.” फोन कपाटात. चित्रांच्या वह्यासुद्धा कपाटात, का तर ‘इथूनच सुरुवात झाली’! चावी सासूबाईंच्या कमरेला.

मी म्हटलं, “अहो, शाळा तरी...”

“तू मध्ये बोलू नकोस. तुझं लक्ष असतं तर हे झालं असतं का?”

 माझ्याइतकं लक्ष कोणाचं होतं?

भाविका रडली नाही. खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपून राहिली. मी ताट घेऊन गेले. दोन घास खाल्ले. “मम्मी, तू जेव जा,” म्हणाली.

सांगायला तोंड उघडलं होतं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय गिळता येणार नाही. लिहूनही येणार नाही.

वरच्या खोलीत आकाश आणि त्याची आई मुक्ताबाई भाड्याने राहतात. दोन वर्षं झाली. परभणीकडचे. आकाश चोवीस-पंचवीसचा, एमआयडीसीत मशीनवर कामाला, पाळीची ड्युटी. सुटीच्या दिवशी गच्चीवर बसून वाचत असतो. मान वर करून कोणाकडे बघणार नाही. मागे एकदा टाकीवरच्या पक्ष्याचा फोटो काढून भाविकाला दाखवला होता, सगळ्यांसमोर. तेवढं हरेशच्या डोक्यात बसलं. शिवाय आकाश आधी नेरूळला राहायचा. झालं! टाकी माहीत, पक्षी माहीत, नेरूळ. आणखी काय पाहिजे?

मी नेरूळ का लिहिलं? टायपिंगच्या क्लासला एक वर्ष तिकडे जायचे, लग्नाआधी. मला तेवढंच माहीत होतं म्हणून.

हरेशने मंडळाची चार पोरं आणली. आकाश पाळीवरून येत होता, पाठीला डब्याची पिशवी. जिन्याच्या पायथ्याशीच गाठला. “फोन दे.” त्याने दिला. निमूट दिला! फोनमध्ये काही नव्हतं. “पुसून टाकलं असेल,” हरेश म्हणाला आणि कानाखाली मारली. एक. मग दुसरी.

मुक्ताबाई वरून धावत आल्या. “आवो, काय केलं माझ्या लेकरानं? सांगा तरी!”

सासूबाई दारापुढच्या ओट्यावरून म्हणाल्या, “म्हनून सांगत व्हते मी, त्यांना खोली देव नका.” ‘त्यांना’ म्हणजे कोणाला, हे त्या कधी पूर्ण बोलत नाहीत. सगळ्यांना कळतं. मुक्ताबाईंनाही कळलं.

भाविका आतून धावत आली. “आकाशदादा नाही! काका, तो नाही! सोडा त्याला!”

“मग कोण?” कुंदनने दंड धरला तिचा. “तो नाही हे तुला कसं माहीत? मग कोण आहे, नाव सांग!”

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. सगळ्यांना वगळून फक्त माझ्याकडे. मला वाटलं, मदत मागतेय.

मी खाली बघितलं.

भाविकाने ओठ मिटले ते मिटलेच. कुंदन म्हणाला, “रविवारपर्यंत खोली खाली करा. पोलिसात जात नाही हे उपकार समजा.” आकाशची चप्पल तुटली होती. ती हातात घेऊन वर गेला.

आणि मी? मी भांडी घासली. सगळी. स्वच्छ होती तीसुद्धा.

२६ फेब्रुवारी

वर सामान हलवल्याचे आवाज येताहेत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं होतं की आज सांगायचं. सकाळी कुंदन चहा पीत होता तेव्हा. वाक्य पाठ केलं होतं — ‘अहो, ती सोनल मीच.’ चार शब्द! चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, “अहो, साखर बरोबर आहे का?”

कशाला भिते मी इतकी? मारणार नाही कुंदन, कधी हात उचललेला नाही त्याने. पण हसतील. दीर, जावा, जासईला माहेरी कळेल, आई काय म्हणेल, आमचं सारं पावणे गाव म्हणेल — बाई सोळाची पोरगी झाली आणि लेकीशी बोलली! नाहीतर म्हणतील डोक्यावर परिणाम झालाय, पोरीला हिच्यापासून लांब ठेवा. भाविकाला माझ्यापासून लांब ठेवतील. आणि भाविका — तिला काय वाटेल? तिची एक मैत्रीण होती, तीसुद्धा खोटी. मला तिने जे कधीच सांगितलं नसतं ते सगळं मी चोरून ऐकलं.

कोटवाले साहेब म्हणाले होते ना — खोटं नाव, खोटं वय, आधी विश्वास मिळवतात, मग घरातलं काढून घेतात. बरोबर सांगत होते. माझंच वर्णन करत होते!

२८ फेब्रुवारी

जिन्यात मुक्ताबाई भेटल्या. दोघींच्या हातात बादल्या. मी बाजूला झाले. त्या थांबल्या. नुसत्या उभ्या राहिल्या — बघत, वाट बघत असल्यासारख्या. मला वाटलं शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. मीच म्हटलं, “पाणी गेलं वाटतं.” त्या म्हणाल्या, “न्हाई, हाय आजून.” आणि वर गेल्या.

१ मार्च, शनिवार

 खिडक्या अजून बंदच आहेत. घरात शिळ्या हवेचा वास. सासूबाई चावी चाचपत बसतात. भाविका पाटीवर ओल्या खडूने काहीतरी काढते आणि पुसते. आठवड्यापूर्वीपर्यंत माझ्याकडे रोजचा एक तास होता, सात ते आठ. आता सात वाजतात आणि मी ओट्यापाशी नुसती उभी असते. तीही भिंतीपलीकडे नुसती बसलेली असते.

उद्या टेम्पो येणार.

२ मार्च, रविवार

सांगितलं.

दहा वाजता टेम्पो दाराशी लागला. आकाशने एकट्याने गादी, कपाट, शेगडी खाली आणली. कोणी हात लावला नाही. हरेश मंडळाच्या पोरांसोबत कठड्यावर बसून बघत होता, जणू तमाशाच चाललाय. कुंदन दारात. मुक्ताबाईंनी खोली झाडून, पुसून, फरशी कोरडी करून चावी आणून दिली. जाताना खोली पुसून देतात त्या! त्या फडक्याकडे बघितलं आणि मी पुढे झाले.

“थांबा,” मी म्हटलं.

आवाज इतका मोठा निघाला की टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.

“आकाशने काही केलेलं नाही. ती सोनल मी होते. माझ्या फोनवरून. मीच लिहायचे भाविकाला. खातं मीच पुसलं.”

कुंदन म्हणाला, “काय बोलतेस? आत चल.”

“आत नाही. बाहेर मारलंत त्याला, बाहेरच सांगणार. नेरूळ मी लिहिलं. टाकी मी लिहिली. मांजर माझं. मी परीक्षा घेत होते पोरीची. मग मला सवय झाली.”

कोणीतरी हसलं. बहुतेक मंडळातलाच एक. सासूबाई म्हणाल्या, “घरचीच निगाली गो बाय!” हरेश कठड्यावरून उतरला. “वहिनी, अगोदर बोलायचं ना! आता मी लोकांना काय सांगू?” लोकांना! आकाश चार हातांवर उभा होता, त्याच्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, “हरेश, माफी माग त्याची.” तो म्हणाला, “गैरसमज झाला. होतं असं कधी कधी.” हे त्याने हवेत म्हटलं.

मी आकाशसमोर गेले. “चूक माझी आहे. राहा तुम्ही. खोली तुमचीच आहे.”

आकाश दोर बांधत होता. गाठ पक्की केली, मग वर बघितलं. “आता कसं राहणार, ताई?” रागाने नाही म्हणाला. खरंच विचारल्यासारखं म्हणाला.

मुक्ताबाई टेम्पोत पुढे बसल्या. गेले.

मागे वळून बघितलं तर भाविका जिन्याच्या पायरीवर उभी. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. राग नव्हता. आश्चर्य तर नव्हतंच. मी हाक मारायच्या आत ती घरात गेली.

४ मार्च

कुंदन माझ्याशी बोलत नाही. सासूबाईंमार्फत बोलतो. “तिला सांग, चहा टाकायला.” मी तीन फुटांवर!

माझा फोनही आता कपाटात, भाविकाच्या फोनशेजारी. हरेश म्हणे सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरतोय. माहेरून आईचा फोन आला, सासूबाईंच्या फोनवर. “सुचिता, बरी आहेस ना गं?” एवढं सांभाळून विचारलं की मला वेडच लागलंय.

पण खिडक्या उघडल्या. मीच उघडल्या. कोणी परत लावल्या नाहीत.

६ मार्च, गुरुवार

कुंदनने आज भाविकाला गाडीवर बसवून शाळेत सोडलं. कोणाला काही न सांगता. आल्यावर दारातच चपला काढत म्हणाला — पहिल्यांदा, थेट मला — “चित्रकलेचं कॉलेज म्हणजे काय असतं? तुला सांगितलं होतं म्हणे तिने. म्हणजे सोनलला.”

मी सांगायला लागले. ऐकलं त्याने. मग मान हलवून निघून गेला, जार पोचवायला. हो नाही, ना नाही.

भाविका माझ्याशी बोलते. “डबा संपवला,” “उद्या पीटी आहे,” असं. सोनलचं नाव काढत नाही. माफी मागितली तर म्हणाली, “असू दे मम्मी.” कसलं असू दे? कसं असू दे? ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

९ मार्च, रविवार

आकाशची नवी खोली कामोठ्यात आहे, इतकं टेम्पोवाल्याकडून कळलं. आज गेले. कोणाला विचारलं नाही. घर शोधत तीन गल्ल्या फिरले.

मुक्ताबाईंनी आत बोलावलं. आकाश ड्युटीवर होता. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं.

“आमाला मंगळवारीच कळलं व्हतं, ताई. मारलं त्याच सांच्याला तुमची भाविका जिन्यानं वर आली. लई रडली. म्हणली, सोनल म्हंजी मम्मीच. तिला लई दिवसापासून ठावं व्हतं. घसा दुखतुया म्हणून तिनं सोनलला लिवलं, अन् धा मिंटात तुमी हळदीचं दूध घिऊन हजर.”

“मग... मग बोलला का नाहीत?”

“आमचं कोण ऐकणार व्हतं? म्हणले असते, पोरीला यांनीच पढवलं. तुमी बोलला असता तरच ते खरं ठरणार व्हतं. म्हणून वाट बघितली. रविवारपस्तोर येळ व्हता.”

“आणि भाविका? ती का गप्प राहिली?”

 “ती एकच म्हणत व्हती. मम्मीचं नाव घेतलं तर ही लोकं मम्मीला घरात ठिवायची न्हाईत.”